नोटिशीत तीनदा ‘अनजस्टिफायेबली’ आलंय, पर्यायी शब्द सुचवा

ओझरकर: निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची व्यापाऱ्याला द्यायची नोटीस इंग्रजीत करायची आहे. मूळ मराठी मजकूर असा: ‘आपण तोडलेल्या मालाचे पैसे विनाकारण अडकवले, भाव विनाकारण किलोमागे ५ रुपयांनी पाडला आणि उरलेला माल उचलण्यास विनाकारण नकार दिला.’ तिन्ही जागी ‘अनजस्टिफायेबली’ पडलाय. कोशात दहा शब्द एका ओळीत दिलेत, पण कुठला कुठे बसतो ते कळत नाही. विरुद्धार्थीही हवेत, कारण समोरून उत्तर येईल ते त्याच भाषेत.

शब्दखुडा (गंगापूर रोड): गोची ‘विनाकारण’मध्येच आहे. कारणच नाही, कारण आहे पण पटण्यासारखं नाही, आणि हक्क नसताना केलं, हे तिन्ही अर्थ मराठीत त्या एका शब्दात खपून जातात. इंग्रजीत खपत नाहीत.

भाव पाडला तिथे ‘आर्बिट्ररिली’ घ्या. नियम नाही, करार नाही, मनाला येईल तसं, असा तो शब्द आहे. मण्यांना तडे गेलेत असं व्यापारी माल न तपासताच म्हणत असेल, तर त्या म्हणण्याला ‘ग्राउंडलेसली’ किंवा ‘बेसलेसली’. हे दोन्ही आरोप, शंका, भीती यांच्यासोबत शोभतात. पैसे अडकवण्याला लावले तर वाक्य लंगडतं.

‘अनड्यूली’ बहुतेक जण चुकवतात. त्यात प्रमाणाचा अर्थ आहे, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त. ‘अनड्यूली डिलेड’ ठीक, कारण उशीर कमी-जास्त होतो. नकार कमी-जास्त होत नाही, म्हणून ‘अनड्यूली रिफ्यूज्ड’ नको. ‘अनरीझनेबली’ची हक्काची जागा करारातली: संमती ‘अनरीझनेबली’ रोखून धरणार नाही, हे कलम भाडेकरारातही सर्रास दिसतं.

‘नीडलेसली’ टाळाच. त्यात गरज नव्हती एवढंच येतं, दोष येत नाही. ‘ग्रॅच्युइटसली’ म्हणजे कुणी डिवचलं नसताना उगाच. अपमानाला चालेल, द्राक्षाच्या पेमेंटला हास्यास्पद दिसेल. ‘अनवॉरंटेडली’ चूक नाही, पण जिभेला जड. त्याऐवजी विशेषण करा: ‘अनवॉरंटेड डिडक्शन’.

वकिलीबाणा (सीबीएस): पैसे आणि नकार या दोन जागी ‘रॉंगफुली’च लिहा. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये हाच शब्द आहे. मालाची मालकी खरेदीदाराकडे गेली आणि त्याने करारानुसार पैसे देण्यात ‘रॉंगफुली’ हयगय केली किंवा नकार दिला, तर किमतीचा दावा कलम ५५ खाली. माल स्वीकारायला आणि त्याचे पैसे द्यायलाच नाकारलं, तर नुकसानभरपाई कलम ५६ खाली. म्हणजे तोडून गाडीत भरून दिलेला माल आणि वेलीवर राहिलेला माल यांची वाक्यं वेगळी करा. एकाच वाक्यात कोंबलीत तर कोणता दावा आहे तेच धड कळणार नाही.

आणि क्रियाविशेषण एकटं सोडू नका. लगेच पुढे तारीख, काटापावतीवरचं वजन, ठरलेला भाव आणि मिळालेली रक्कम आली पाहिजे. नाहीतर समोरचा एका ओळीत सगळं नाकारून मोकळा होतो.

व्याकरणवेडा: विरुद्धार्थी: ‘जस्टिफायेबली’, ‘रीझनेबली’, ‘राइटफुली’, ‘लेजिटिमेटली’. उत्तरात बहुधा ‘विथ गुड कॉज’ किंवा ‘विथ सफिशियंट कॉज’ येईल. मराठीत सकारण, रास्त, वाजवी.

इथे नुसता उपसर्ग काढून चालत नाही. ‘अनड्यूली’चा ‘अन’ काढला की उरतो ‘ड्यूली’, त्याचा अर्थ रीतसर. तो विरुद्धार्थी म्हणून वापरू नका. ‘वॉरंटेडली’ जवळपास कुणी लिहीत नाही. ‘जस्टली’तला ‘ली’ खाल्लात तर ‘जस्ट रिफ्यूज्ड’ होतं, म्हणजे नुकताच नकार दिला! शिवाय ‘इनजस्टिस’ आहे म्हणून ‘इनजस्टली’ बनवू नका, तो शब्दच नाही, ‘अनजस्टली’ आहे.

मराठी प्रतीत ‘रॉंगफुली’साठी ‘नाहक’ सुचेल, त्यात ‘हक’ आहेच. पण बोलण्यात तो ‘उगाच’कडे झुकलाय. नोटिशीत ‘हक्क नसताना’ असं सरळ लिहा.

ओझरकर: फारच उपयोगी, आभार मंडळी. मग शेवटचं वाक्य ‘द बायर हॅज रिफ्यूज्ड टू रॉंगफुली पे’ असं करतो.

व्याकरणवेडा: थांबा थांबा! ‘हॅज रॉंगफुली रिफ्यूज्ड टू पे’ करा. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, ‘गैरमार्गाने पैसे द्यायला त्याने नकार दिला’. ही तर व्यापाऱ्याची तारीफ झाली, त्याचा वकील ती फ्रेम करून लावेल.