२८० बारला ओ-रिंग टिकत नाही, बॅकअप रिंग (ओ-रिंगला मागून आधार देणारी कडक रिंग) कुठल्या मटेरियलची घ्यावी?

प्रेसलाईन_शिरोली: जुना हायड्रॉलिक प्रेस आहे, २८० बार, साधं मिनरल ऑइल, तापमान ६०च्या आसपास. सिलिंडरच्या मागच्या कव्हरच्या स्पिगॉटवर (बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, बसणारा गोल भाग) ३.५३ मिमी सेक्शनची (जाडीची) ओ-रिंग आहे, ७० शोर (कडकपणाचं माप) नायट्राईल रबर. महिनाभरात गळायला लागते. काढली की हवेकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. दुकानदार म्हणतो टेफ्लॉनची बॅकअप रिंग टाका. पीक (PEEK, एक कडक प्लास्टिक) चांगलं असंही कुणी म्हणालं. काय घेऊ?

टर्नर७१: आधी ९० शोरची टाकून बघा, स्वस्तात काम होईल.

सीलवाला_काका: ९० शोरने थोडे दिवस जास्त निघतील, इतकंच. ७० शोरला बॅकअपशिवाय साधारण १०० बारपर्यंतच भरवसा ठेवायचा, तुम्ही तिप्पट नेताय.

मटेरियलचं नंतर. आधी बोअर आणि स्पिगॉट मोजा. प्रेशर आलं की बोअर फुगतो, दोघांमधली गॅप उघडते आणि रबर त्यात शिरतं. प्रेशर उतरलं की गॅप मिटते आणि रबराचा लचका तोडते. म्हणून कड अशी दिसते. गॅप मोठी असेल तर व्हर्जिन (काही न भरलेलं) टेफ्लॉनही दाबाखाली हळूहळू त्यातून वाहतं. ब्राँझ किंवा कार्बन भरलेलं टेफ्लॉन घ्या, नाहीतर नायलॉन. मिनरल ऑइलमध्ये नायलॉन उत्तम, पण उद्या वॉटर-ग्लायकोल (पाणी असलेलं हायड्रॉलिक द्रव) भरलंत तर पाणी पिऊन फुगेल. पीक २५० डिग्रीला चालतं, तुमच्या ६०ला ती चैन आहे. शिवाय कडक, बसवताना जीव काढते. ग्लास भरलेलं टेफ्लॉन मऊ धातूवर ओरखडे काढतं, हलत्या सीलला तर नकोच.

प्रेसलाईन_शिरोली: काका, मोजलं. बोअर झिजलाय, डायमीटरवर ०.३ मिमीचा फरक येतोय. ओ-रिंगच्या खोबणीची रुंदी ४.८ आहे.

सीलवाला_काका: मग व्हर्जिन विसरा, नायलॉन किंवा ब्राँझवालं. आणि ४.८च्या खोबणीत बॅकअप कोंबू नका, ओ-रिंगला जागाच उरणार नाही. एका बॅकअपसाठी ५.३ ते ५.४ करून घ्या. रिंग हवेच्या बाजूला बसवायची, खोलगट तोंड असेल तर ते ओ-रिंगकडे. तुमच्याकडे प्रेशर एकाच बाजूने, त्यामुळे एकच पुरे. तिरका काप असलेली मागवा, स्पिगॉटवर चढवायला सोपी जाते.

टर्नर७१: खोबणी रुंद करताना कोपऱ्यात बारीक रेडियस ठेवा, बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढा. नाहीतर नवी रिंग बसवतानाच कापली जाईल.

प्रेसलाईन_शिरोली: कव्हर उद्या लेथवर लावतो. नायलॉन सांगितलंय, दुकानात ब्राँझवालं नव्हतं.