काल जमलं, मग 'कुड' का नाही?

एकानं विचारलंय, 'काल गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या) गर्दीतही पार्किंग मिळवता आलं' याला इंग्रजीत 'आय कुड (could) गेट पार्किंग' चालेल का? नाही चालणार. भूतकाळातल्या कायमच्या क्षमतेला कुड: आजोबा हातमागावर चादर विणायचे, 'ही कुड वीव्ह'. एकदाच जमून गेलेल्या कामाला 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. गंमत म्हणजे नकारात ही भानगडच नाही, 'कुडन्ट' दोन्हीकडे बिनधास्त वापरा. दिसणं, ऐकू येणं यांनाही सूट आहे. त्याच यात्रेतल्या नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीतली हलगी लांबून ऐकू आली तर 'आय कुड हिअर इट' बरोबरच.

परवानगीचं मात्र निराळं. 'कुड आय लीव्ह अर्ली?' असं सरांना नम्रपणे विचारा, पण होकार देताना सर 'येस, यू कॅन' म्हणतील, 'यू कुड' नाही.