मदत हवी आहे: बाबांच्या फोनवरून एफ-ड्रॉइड काढून टाकू का?

बाबा मिरजेत, मी पुण्यात. वय ७१. फोन त्यांना बऱ्यापैकी जमतो, पण त्यात काय असावं हे ठरवणारा मी. दोन वर्षांपूर्वी मीच त्यात एफ-ड्रॉइड (प्ले स्टोअरसारखंच, पण स्वतंत्र ॲप स्टोअर) टाकलं आणि त्यातून न्यूपाइप (जाहिरातींशिवाय यूट्यूब दाखवणारं ॲप), कारण नाट्यसंगीत ऐकताना ऐन तानेत गुटख्याची जाहिरात लागली की ते फोन आपटायचे. न्यूपाइप प्ले स्टोअरवर मिळत नाही, म्हणून हा आडमार्ग. तेव्हापासून घरात शांतता होती.

गेल्या महिन्यात मामांना व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनवर ॲप बसवणारी. मामांनी उघडली, जे विचारलं त्याला 'हो' म्हणाले, त्यात एसएमएस वाचायची परवानगीही गेली. रात्रीतून खातं साफ. १९३० ला फोन, सायबर पोलीस, सगळं झालं.

आणि आता परवा बाबांच्या बँकेच्या ॲपने लाल पट्टी दाखवली: अनोळखी स्रोतावरून घेतलेली ॲप्स या फोनवर आढळली आहेत, ती काढा. खाली नावं, न्यूपाइप आणि एफ-ड्रॉइड. बाबांचा फोन: "अरे, बँक म्हणतेय माझ्या फोनात चोर शिरलाय. तो तूच आणून ठेवलायस म्हणे."

माझे प्रश्न असे. १) एफ-ड्रॉइडवर खरंच भरवसा ठेवावा का, आणि कशाच्या जोरावर? २) बाकीची स्वतंत्र स्टोअर्स कशी आहेत? ३) बँकेचं ॲप असलेल्या फोनवर हे ठेवावं का? "ओपन सोर्स आहे म्हणजे सेफ" एवढंच उत्तर नको, ते मीच बाबांना देऊन बसलोय.

ताकभात:
आधी एक गल्लत सोडवू. बँकेचं ॲप न्यूपाइपच्या आत काय आहे ते बघत नाही. ॲप कोणी बसवलं एवढंच ते अँड्रॉइडला विचारतं. उत्तर 'प्ले स्टोअर' नसेल तर लाल पट्टी. त्याच्या लेखी मामांची पत्रिका आणि तुमचं न्यूपाइप एकाच माळेचे मणी.

एफ-ड्रॉइड २०१० पासून आहे. तिथे डेव्हलपर तयार एपीके आणून टाकत नाही. त्याचा उघडा सोर्स कोड (ॲप ज्यातून बनतं तो मूळ मजकूर) घेऊन एफ-ड्रॉइडच आपल्या सर्व्हरवर ॲप बांधतं आणि बहुतेक वेळा स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करतं. म्हणजे जो कोड जगाला दिसतो तोच तुमच्या फोनवर येतो, ही हमी. कोडची ओळ न् ओळ कोणी वाचून काढलीय, अशी हमी नाही. शिवाय ॲपच्या पानावर 'अँटी-फीचर' म्हणून उणी बाजू लिहिलेली असते. न्यूपाइपच्या पानावरही आहे बघा, ते बंदिस्त सेवेवर, म्हणजे यूट्यूबवर, अवलंबून आहे म्हणून.

तोटे: अपडेट काही दिवस उशिरा येतात. आणि कोणी सांगितलं म्हणून बाहेरची 'रेपो' (दुसऱ्या कोणाचा ॲप्सचा साठा) जोडली, तर तिथून येणाऱ्या मालाशी एफ-ड्रॉइडचा काही संबंध नसतो. ती जोडलीय का, तेवढं तपासा.

निवडुंग७:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळी स्टोअर्स एका तागडीत घालू नका. एपीकेप्युअरच्या स्वतःच्या ॲपमध्येच, ३.१७.१८ या आवृत्तीत, जाहिरातींच्या कोडमधून ट्रोजन (छुपं घातक सॉफ्टवेअर) शिरल्याचं कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये दाखवलं होतं. पुढच्या आवृत्तीत काढलं, पण दुकानदारच आजारी पडू शकतो हे कळलं. ॲप्टॉइडच्या २ कोटी वापरकर्त्यांची माहिती एप्रिल २०२० मध्ये फुटली. एपीकेमिररवर मूळ डेव्हलपरची सही जुळते का ते बघून फाइल ठेवतात, तेवढ्यापुरतं ते बरं. ऑरोरा हे वेगळं दुकान नाहीच, गूगलच्याच दुकानाची मागची खिडकी आहे. फोनपेवाल्यांचं इंडस ॲपस्टोअर २०२४ मध्ये आलं, मराठीतही आहे, पण ते नेहमीच्या पद्धतीचं दुकान. सोर्स कोडवरून बांधणं वगैरे तिथे नाही.

आणि प्ले स्टोअर म्हणजे गंगाजल असंही नाही. 'जोकर' मालवेअरची १,७०० ॲप्स काढल्याचं जानेवारी २०२० मध्ये गूगलनेच सांगितलं होतं.

सातारीकंदी:
चर्चा छान, पण मामांचं काय झालं ते बघा. स्टोअर कुठलंच नव्हतं तिथे! व्हॉट्सॲपला इन्स्टॉल करायची मुभा होती, हे खरं भोक. अँड्रॉइड ८ पासून ही मुभा ॲपगणिक वेगळी असते. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळं बंद करा. एफ-ड्रॉइड एकटं चालू ठेवलंत तरी पत्रिका बसणार नाही. मात्र बंद असेल तर फोन स्वतःच 'सेटिंग्जमध्ये जा' असं बटण दाखवतो, ते दाबायचं नाही हे बाबांना सांगावं लागेल. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी (जिने ॲपला स्क्रीन वाचता येते, बटणं दाबता येतात) कोणाकोणाला दिलीय तेही बघून घ्या.

बँकेच्या पट्टीशी मात्र वाद घालू नका. उद्या पैशाचं काही झालं तर तेच बोट दाखवतील. घरात जुना फोन पडलाय का?

ताकभात:
जाता जाता: ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलंय की प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपच्या डेव्हलपरलाही ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून सुरुवात, बाकी जग २०२७ पासून. एफ-ड्रॉइडने याला जाहीर विरोध केलाय. तेव्हा हे सगळं पुन्हा बघावं लागेल.

धागाकर्ता:
आभार सगळ्यांचे. रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून यादी पाहिली. बाबांच्या फोनवर फाइल मॅनेजर आणि व्हॉट्सॲप, दोघांनाही मुभा होती! मीच कधीतरी काहीतरी टाकताना दिली असणार. बंद केली. बाहेरची रेपो नव्हती. मग एफ-ड्रॉइड आणि न्यूपाइपही काढलं, पट्टी गेली.

गाण्यांसाठी आईचा जुना फोन कपाटातून काढला. सिम नाही, व्हॉट्सॲप नाही, फक्त घरचं वायफाय. बाबांनी त्याला 'रेडिओ' असं नाव देऊन टाकलंय. पण तो निघाला अँड्रॉइड ७, म्हणजे 'अनोळखी स्रोत' हे सगळ्यांना मिळून एकच बटण. एफ-ड्रॉइडमधून न्यूपाइप टाकून झाल्यावर ते बटण बंद केलंय. पुढच्या अपडेटला मी मिरजेला जाईन तेव्हाच चालू करायचं, एवढं पुरेल का?