ॲपडेटा लपवून कुणाचं भलं झालं?

डीटीपीवाली, रत्नागिरी
काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं, "विंडोजने लपवलेले फोल्डर लपलेलेच राहू द्या, सामान्य माणसाचं तिथे काही काम नसतं." अस्सं? पावसात लाइट गेली, यूपीएसने मान टाकली आणि देवस्थानचा अर्धा अहवाल वर्डसकट बंद पडला, की तो शोधायचा कुठे? प्रोग्राम आपापली माहिती ठेवतात त्या लपलेल्या फोल्डरात: ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड. तिथे वर्डने आपोआप राखलेली एएसडी एक्स्टेंशनची फाइल असते. वर्डच्या डिक्शनरीत घातलेली वाड्यांची, आडनावांची यादीही रोमिंगमध्येच, यूप्रूफ फोल्डरात. मशीन बदललं की पहिली तीच उचलते मी. काम नसतं म्हणे!

रिपेअरवाला, कुडाळ
तो 'कुणीतरी' मी. तुम्ही उचलता हो ताई, लोक उडवतात! सी ड्राइव्ह लाल झाला की ॲपडेटात शिरायचं, सगळ्यात जड फोल्डर बघायचा, शिफ्ट-डिलीट. मग "दादा, क्रोम उघडलं तर सगळं कोरं." निस्तरायचं मी. वर 'हिडन आयटम्स' चालू केलं की डेस्कटॉपवर विंडोजच्याच दोन-दोन डेस्कटॉप.आयएनआय फाइली उगवतात, लोक व्हायरस समजून धावत येतात.

डीटीपीवाली, रत्नागिरी
'हिडन आयटम्स'ने नाही उगवत त्या. त्यासाठी 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक वेगळी काढावी लागते. दुकान चालवता ना?

आंबेवालो मामा, देवगड
माझा ऐका. गणपतीक भाचो इलो. "मामा, पीसी स्लो झालो हा, विंडोज नवीन टाकतंय." टाकल्यान. बँक, कुरियर, सगळ्यांचे पासवर्ड फायरफॉक्सात होते. गेले! विचारलंय तर म्हणता बॅकअप घेतलंय. बॅकअपात काय, तर फोटो. ह्ये मुंबयवाले वरसातून एकदा येतत आणि सगळा उलथापालथा करून जातत.

चाकरमानी, डोंबिवली
आला का विषय आमच्यावर! रात्रभर गाडीत उभं राहून यायचं, आरती व्हायच्या आत वहिनीचा प्रिंटर, काकांचा टीव्ही, मामांचा पीसी. मेकॅनिकला पैसे द्यायला नकोत म्हणून भाचा, आणि बिघडलं की 'मुंबयवाले'. त्या पोराने युजर फोल्डर उघडून कंट्रोल-ए, कॉपी केलं असणार. दिसतंय ते सगळं आलं. ॲपडेटा दिसतच नव्हता तर येणार कसा?

डीटीपीवाली, रत्नागिरी
हेच तर ओरडतेय मी! बाहेरून अख्खा युजर फोल्डर उचलला असता तर लपलेलंही सोबत आलं असतं. फायरफॉक्सचं प्रोफाइल रोमिंगमध्ये, मोझिलाच्या फोल्डरात. त्यातल्या लॉगिन्स.जेसन (पासवर्ड) आणि की४.डीबी (त्यांची किल्ली), दोन्ही लागतात. एकटीचा उपयोग शून्य.

चाकरमानी, डोंबिवली
आणि मामा, त्या पोराला जेवायला तरी घातलंत ना?

आंबेवालो मामा, देवगड
पाच मोदक खाल्ल्यान! तू माझ्या घरातला काढू नको हां.

पेंग्विन, चिपळूण
लिनक्सवर या. फाइलच्या नावाआधी टिंब दिलं की ती लपते, कंट्रोल-एच दाबलं की दिसते, विषय संपला. तेही खरं तर अपघाताने झालंय. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइकने २०१२ साली लिहिलं होतं, फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'मधून '.' आणि '..' (हा फोल्डर आणि त्याच्या वरचा) वगळताना फक्त पहिलं अक्षर तपासलं, म्हणून टिंबवाली प्रत्येक फाइल गायब व्हायला लागली.

डीटीपीवाली, रत्नागिरी
आला लिनक्सवाला. इथे मामांचे पासवर्ड गेलेत.

रिपेअरवाला, कुडाळ
बरं बाई, जिंकलात. त्या 'प्रोटेक्टेड'वाल्या टिकेचंही मान्य, सकाळी दुकानात करून बघितलं. विंडोज-आर दाबा, टक्का-ॲपडेटा-टक्का, म्हणजे %appdata% लिहा, एंटर. थेट रोमिंग उघडतं. शेजारचं लोकल फोल्डर हवं तर एक पायरी वर जा. म्हणजे टिकेला हातही लावायला नको. पण तिथून काही उडवलंत तर माझा नंबर विसरा.

आंबेवालो मामा, देवगड
माझे पासवर्ड परत गावतले काय ता सांगा आधी.

रिपेअरवाला, कुडाळ
जुनी हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर नंतर फार काही लिहिलं नसेल, तर प्रयत्न करता येईल. एसएसडी असेल तर ट्रिमने, म्हणजे पुसलेल्या जागा रिकाम्या करणाऱ्या तिच्या सोयीने, कधीच साफ केलं असणार.

आंबेवालो मामा, देवगड
एसएसडी आसा. ती पण भाच्यानच बसवल्यान.