मदत हवी आहे: सीपी असलेल्या मुलासाठी टीमने खेळायचा खेळ (पुणे)

मनूची_आई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवा प्लीज.

मुलगा दहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी), स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिया, म्हणजे चारही हातपाय कडक. व्हीलचेअर वापरतो. उजवा हात त्यातल्या त्यात बरा पण बोटं पटकन उघडत नाहीत, बॉल धरला की सुटता सुटत नाही. डोकं तल्लख आणि क्रिकेटचं वेड इतकं की आयपीएलच्या दिवसांत घरात दुसरं काही लावायची सोय नाही. फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमवायला शिकवतात ती), स्पीच सगळं चालू आहे, त्याबद्दल प्रश्न नाहीये.

प्रश्न खेळाचा आहे. सोसायटीतली पोरं चांगली आहेत हो, खाली बोलावतात त्याला, पण एकतर अंपायर करतात नाहीतर लिंबूटिंबू, म्हणजे बॉल हळू टाकायचा, रन बहिणीने पळायचे आणि हा काही केल्या आऊट नाही. मध्ये एकदा जाम भडकला, "स्टंप पडलाय दिसत नाही का, नोबॉल कशाला देता!" पोरांना कळेना काय बोलावं. शाळेत तर पीटीच्या तासाला लायब्ररीत बसवतात, विचारलं की "सेफ्टी" म्हणतात.

तर असा खेळ पाहिजे ज्यात हा हरला तर खरंच हरेल, आणि बहीण (१३ वर्षं) आणि खालची पोरं पण खेळू शकतील. स्विमिंग कृपया सुचवू नका, ते चालू आहे, पण तिथे टीम कुठे असते. ओटी मॅडमनी बोचिया म्हणून नाव सांगितलंय, व्हिडिओ पाहिले, पण बोटं सुटत नसताना हा टाकणार कसा, सामान फार महाग असतं का, आणि चार पोरं जमवायची कुठून? कोणाच्या घरी कोणी खेळत असेल तर सविस्तर लिहा ना.

अप्पा_कोथरूड
व्हीलचेअर बास्केटबॉल बघा की. खडकीला आर्मीचं पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांचं) सेंटर आहे तिथले जवान खेळतात, मी पाहिलंय, काय धडका मारतात एकमेकांना!

फिजिओ_नाशिक
अप्पा, खेळ झकास आहे पण या मुलाला जमणार नाही. त्यात रिंग नेहमीच्याच उंचीवर, १० फुटांवर, आणि खुर्ची स्वतः पळवत बॉल सांभाळायचा, दंडात ताकद लागते.

ताई, ओटी मॅडमचं ऐका, बोचिया हा अशाच मुलांसाठी आहे. चारही हातपायांवर परिणाम असलेल्यांचा खेळ, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. एक पांढरा बॉल आधी टाकायचा, मग एका बाजूचे ६ लाल आणि दुसऱ्या बाजूचे ६ निळे, ज्याचे पांढऱ्याच्या जास्त जवळ त्याला पॉइंट. ज्याचा बॉल लांब राहिलाय त्याने पुढचा टाकायचा, त्यामुळे शेवटच्या बॉलपर्यंत पारडं फिरू शकतं. ढकलणं, लाथेने मारणं, सगळं चालतं. दुसऱ्याचा बॉल उडवला तरी चालतं, उलट त्यातच मजा.

बोटं सुटत नाहीत त्याचं उत्तर रॅम्प. बीसी३ म्हणून गट असतो त्यात मूल बॉल टाकत नाही, उतरत्या पन्हळीवरून सोडतं, हाताने नाहीतर डोक्याला लावलेल्या काडीने. पन्हळ हलवायला एक मदतनीस असतो, पण त्याने कोर्टाकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "डावीकडे, अजून, थांब, थोडं वर" हे सगळं मुलाने सांगायचं. क्लिनिकमध्ये आयांना बसवून बघितलंय, जीव वरखाली होतो नुसता, मान आपोआप वळते. म्हणून मी मदतनीस भावंडालाच करते, त्यांना दादाचं ऐकायचं नसलं तरी नियमाला घाबरतात.

मनूला बीसी३ मध्येच घेतील असं नाही हां, ते स्पर्धेच्या वेळी क्लासिफिकेशन करून ठरतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आत्ताच काढा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात.

सामान: खरे बॉल साधारण २७५ ग्रॅमचे, मऊ, फार घरंगळत नाहीत असे. सुरुवातीला जुन्या मोज्यात ज्वारी भरून गच्च शिवा. पन्हळीला चार इंची पीव्हीसी पाइप प्लंबरकडून उभा चिरून घ्या, कडा घासा नाहीतर हात कापेल. पार्किंगमध्ये खडूने चौकट आखा, पूर्ण कोर्ट १२.५ बाय ६ मीटर असतं, तुम्ही अर्धं घ्या.

खालच्या पोरांना एकच नियम लावा, सगळ्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाकायचं, उठला की बॉल बाद.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत लिटल लीगची चॅलेंजर डिव्हिजन आहे, बेसबॉल, १९८९ पासून चालू. प्रत्येक मुलाला एक बडी, बहुतेक शाळकरी मुलंच, ती खुर्ची ढकलतात, बॅट धरायला मदत करतात, आईबाप बाहेर. आमची लेक ऑटिस्टिक आहे, तिच्यापेक्षा आमचंच जास्त भलं झालं, तासभर दुसऱ्या पालकांशी गप्पा मारायला मिळतात. पण खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी स्कोअर ठेवतच नाहीत, सगळ्यांना बॅटिंग, सगळे जिंकले. आमच्या लेकीला चालतं. तुमच्या मनूचं वाचून वाटलं तो तिथे पण भांडेल :)

समंजस_काका
राग मानू नका, पण मुलाला हरायला लावून काय मिळणार? आधीच त्याच्या वाट्याला कमी आहे का. थेरपीवर भर द्या.

मनूची_आई
काका, हरायला मी लावत नाहीये, तोच मागतोय. थेरपी आठवड्यातून पाच दिवस आहे.

फिजिओ ताई, खूप आभार, पाठ करून बसायचं हे वाचून आमची कन्या म्हणाली म्हणजे मी याची नोकर का, मग सांगितलं की पॅरालिम्पिकमध्ये मेडल मदतनिसाला पण मिळतं (मिळतं ना?), तर लगेच तयार. प्लंबरला फोन केलाय. अजून एक, पन्हळीला टेकू काय देऊ? आणि उन्हाळ्यात तो लवकर थकतो, किती वेळ खेळवू?

फिजिओ_नाशिक
मिळतं, बीसी३ च्या मदतनिसाला मेडल असतं. टेकूला उंची बदलता येणारा कॅमेऱ्याचा स्टँड नाहीतर इस्त्रीचं टेबल, वरचं टोक त्याच्या छातीच्या जवळ यायला हवं म्हणजे हात लांबवावा लागत नाही. खुर्चीचे ब्रेक लावून, बेल्ट बांधून आणि पावलं फूटरेस्टवर टेकवून मगच सुरू करा, धड डळमळलं की हात अजून कडक होतो. संध्याकाळी सहानंतर, आधी दोनच डाव, मान एका बाजूला पडायला लागली की थांबा. पहिला आठवडा पांढरा बॉल जवळच टाका. पोरं जमवायला तुमच्या ओटी मॅडमनाच धरा, त्यांच्याकडे येणारी अजून दोन मुलं असतील तर शनिवारी तुमच्या पार्किंगमध्ये बोलवा, तीन पोरं झाली की टीम होते.

अप्पा_कोथरूड
खडू आखायला आणि माप घ्यायला मी येतो, टेप आहे माझ्याकडे. लाल-निळ्यात अंतरावरून भांडणं होणारच, मोजायला कोणीतरी म्हातारा लागेल.

मनूची_आई
या की अप्पा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण मनू मोजमाप स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही हे आधीच सांगून ठेवते.