‘शराड’: विनोद आणि रहस्य यांची वीण
‘शराड’ या हॉलिवूड चित्रपटातील (१९६३) विनोदामुळे रहस्याची धार बोथट होते, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. शवपेटीतला माणूस खरोखरच मेला आहे ना, याची खात्री करण्यासाठी एक अनोळखी इसम त्याच्या नाकाशी आरसा धरतो आणि दुसरा त्याला टाचणी टोचतो, तेव्हा हसू येतेच, पण त्याची विधवा रेजी (ऑड्री हेपबर्न) हिच्याभोवतीचा धोका किती गंभीर आहे हेही त्याच क्षणी उमगते. स्टॅन्ले डोनेन यांचे दिग्दर्शनकौशल्य मला तिथे सर्वाधिक जाणवते. वयातील सुमारे २५ वर्षांचे अंतर खटकू नये म्हणून केरी ग्रँट यांच्या आग्रहावरून प्रेमातला पुढाकार ऑड्री हेपबर्न यांच्या पात्राकडे आला, आणि त्यामुळेच, ग्रँट यांनी साकारलेल्या, सतत नाव बदलणाऱ्या माणसावर तिने विश्वास ठेवावा का, हा प्रश्न शेवटच्या पाठलागापर्यंत टांगता राहतो.