मदत हवी आहे: पीएचपीत == फक्त ई विंगलाच का गंडवतंय?

मंडळी, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवायला पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिलाय. मी प्रोग्रामर नाही, हौशी. फ्लॅट नंबर मजला-विंग-क्रमांक असे, म्हणजे १ए२. (डेटाबेसात अंक-अक्षरं इंग्रजीच आहेत.) दहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट.

पैसे आले की मजल्यानुसार लावलेल्या यादीवर लूप एकेक फ्लॅट तपासत फिरतो, == ने (दोन किंमती समान आहेत का हे बघणारं चिन्ह) नंबर जुळला की जमा आणि ब्रेक, म्हणजे लूप तिथेच थांबतो. चार विंग बिनतक्रार. ई विंगमध्ये मात्र १०ई१ चे पैसे १ई२ कडे, १०ई२ चे १ई३ कडे, १०ई३ चे १ई४ कडे. १०ई४ बरोबर! दहाव्या मजल्यावरचे काका रोज लिफ्टमध्ये गाठतात. पहिला मजला मूग गिळून बसलाय. दोन्ही बाजूंना स्ट्रिंगच (संख्या नव्हे, मजकूर) आहेत, तपासलं. व्हर्जन ८.२.

प्रतिसाद १
क्या बात है! १ई२ ही पीएचपीला संख्या वाटते, ई म्हणजे 'गुणिले दहाचा घात': १ गुणिले १० चा वर्ग, म्हणजे १००. १०ई१ म्हणजे १० गुणिले १०, तेही १००. दोन्ही स्ट्रिंग संख्येसारख्या दिसल्या की == त्यांची संख्या म्हणूनच तुलना करतं. १०ई४ चा जोडीदार १ई५, आणि पाचवा फ्लॅट तुमच्याकडे नाही, म्हणून तो वाचला. === लावा, ते काहीही न बदलता किंमत आणि प्रकार दोन्ही जुळतात का ते बघतं.

प्रतिसाद २
पण हे ८ मध्ये सुधारलं ना?

प्रतिसाद १
ते वेगळं. २०२० साली आलेल्या ८ पासून शून्य आणि 'अबक' सारखी स्ट्रिंग == ने समान ठरत नाहीत. दोन्हीकडे संख्येसारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग असतील तर जुनाच नियम. यादीत शोधणारी इन-अ‍ॅरे आणि अ‍ॅरे-सर्च ही फंक्शन्सही आतून == च वापरतात, तिसरं पॅरामीटर ट्रू द्या. अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या स्विचचंही तेच; त्याच कामाचं ८ मधलं मॅच मात्र === ने चालतं.

धागाकर्ता
ई विंग सुटली, धन्यवाद! पण जोशात सगळीकडेच === केलं, आता लेट फी लागत नाही. फॉर्ममधून आलेला महिना ४ शी जुळतच नाही.

प्रतिसाद १
फॉर्ममधून येतं ते स्ट्रिंग. महिना आधी इंट (पूर्णांक) करून घ्या, मग ===. फ्लॅट नंबरला मात्र इंट लावू नका, १ई२ चे पुन्हा शंभर होतील.

धागाकर्ता
झालं. काकांना दुरुस्त पावती दिली. आता पहिल्या मजल्यावरून फोन येतायत.